नागभीडकडचं शेत, पारीमागचा तलाव आणि मामाजींचा रविवार

रानजाई, नागपूर

मागच्या रविवारी आम्ही पाच जण पहाटे साडेपाचला नागपुरातून निघालो आणि रात्री आठला घरी परत आलो. मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून पुढेही तसंच लिहिते. नागभीड तालुक्यातल्या एका गावात मामाजींचे शाळासोबती अजून स्वतः शेती करतात. त्यांना आम्ही काकाजी म्हणतो. मामाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काकाजी त्यांच्याहून वर्षभराने मोठे. "धान निघायच्या वेळेस एकदा येऊन जा जी," हे त्यांचं बोलावणं पाच-सहा वर्षं तसंच राहून गेलं होतं.

उमरेड, भिवापूर, नागभीड असा रस्ता. शंभर किलोमीटरच्या थोडं वर. मामाजी तरुणपणी हाच प्रवास इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने करत. ती नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. गाडीत बसल्यापासून ते स्टेशनांची नावं ओळीने म्हणत होते. एक नाव राहिलं की पुन्हा पहिल्यापासून. भिवापूरच्या आसपास इतकं धुकं होतं की आम्ही एका टपरीवर अर्धा तास थांबलो. मिरची सुकायला घालायची जागा तिथून दिसत होती. ओल्या धुक्यातही वास नाकाला झोंबत होता.

काकाजींचं शेत गावापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. सहा एकर, सगळ्या बांध्या. ज्यांनी धानाची शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: बांधी म्हणजे चारही बाजूंनी मातीचा धुरा घातलेला शेताचा तुकडा, ज्यात पाणी साठवता येतं. धुरा मोकळा सोडत नाहीत, त्यावर तूर लावतात. आम्ही गेलो तेव्हा अर्ध्या बांध्यांत कापलेल्या धानाचा कडपा पडला होता, म्हणजे मुठी आडव्या टाकून वाळत ठेवल्या होत्या. दोन बांध्यांतलं धान भारे बांधून पुंजण्यावर, म्हणजे रचलेल्या गंजीवर गेलं होतं. एक बांधी उभी होती.

मुलाला एका कापलेल्या बांधीत धानाच्या बुडख्यांमधून कोवळी हिरवी वेलासारखी रोपं दिसली. त्याला वाटलं तण आहे, आणि तो उपटायलाच लागला. काकाजींनी त्याचा हात धरला, पण रागावले नाहीत. ती लाखोळी होती, म्हणजे लाखेची डाळ. धान कापायच्या पंधरा-वीस दिवस आधी उभ्या पिकातच, ओल्या चिखलात बी फेकून देतात. नांगर नाही, वखर नाही, वेगळं पाणी नाही. धान निघतं तोवर खाली लाखोळी उगवलेली असते आणि जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर ती वाढते. याला उतेरा म्हणतात. एका पावसावर दोन पिकं. मी नागपुरात जन्मले, आयुष्यभर लाखोळीच्या डाळीचे वडे खाल्ले आणि ही गोष्ट मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळली.

उभ्या बांधीत मामाजींनी विळा मागितला. काकाजींच्या मोठ्या सूनबाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनी आपल्या हातातला विळा पुसून दिला. मामाजींनी तीन मुठी कापल्या. चौथीला कंबर धरली, तरी मूठ अर्धी सोडली नाही. कापली, नीट आडवी ठेवली, मग बसले.

जेवण शेतातच, आंब्याखाली. तांदळाच्या पिठाची भाकर, वांग्याची भाजी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, लाखोळीचे वडे, वर भरपूर सांबार (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: कोथिंबीर) आणि नव्या तांदळाचा भात. नवा तांदूळ शिजताना थोडा चिकटतो, पण त्याला जो वास असतो तो जुन्याला येत नाही. तांदूळ एचएमटी. मुलीने विचारलं, हे तर घड्याळाचं नाव आहे ना? मग काकाजींनी जे सांगितलं ते ऐकताना आम्ही सगळे हात वाळेपर्यंत बसून होतो. हा वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. जमीन दीड एकर. १९८३ मध्ये त्यांना आपल्या शेतातल्या पटेल-३ या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवडत गेले. बाजारात गेल्यावर व्यापाऱ्याने तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्याला दिलं. तोच दाणा पुढे कितीतरी राज्यांत पेरला गेला. २०१८ मध्ये दादाजी गेले. काकाजी म्हणाले, "आमच्या तालुक्याचा मानूस होता तो. शाळा फार नाही झाली, पन डोरे (डोळे) होते त्याले."

तलावावर आम्ही दोन वाजता गेलो. काकाजींची अट एकच: चारच्या आत पारीवरून खाली उतरायचं. पार म्हणजे तलावाची मातीची भिंत. इथे ती साधारण अर्धा किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर मोह, अर्जुन, आंबा अशी जुनी झाडं आहेत. मधोमध एका झाडाखाली शेंदूर लावलेले दगड. पारीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेल्या बांध्या. तिथे उभं राहिलं की धानाचं पाणी कुठून येतं ते विचारावं लागत नाही.

पाण्याबद्दल काय लिहू? वारा नव्हता. पलीकडच्या काठावरचं जंगल पाण्यात उलटं उभं होतं. अलीकडे कमळाची पानं, त्यांच्यावरून लांब बोटांचे कमळपक्षी चालत होते. मुलगा त्यांना मोजत बसला, एकोणीसपर्यंत गेला आणि ते उडाल्यावर पुन्हा सुरू. मध्ये चांदव्यांचा मोठा थवा, त्यांच्यात थोडी थापट्या बदकं. अडया (शिट्टी घालणारी बदकं) एकदम उठल्या की शिट्ट्या वाजायच्या, त्या बसल्या की पुन्हा शांत. एका लाकडी डोंग्यात बसून एक ढीवर (मासेमार समाजाचे) भाऊ शिंगाडे काढत होते. वेली उचलायच्या, खालून शिंगाडे तोडायचे, वेल पुन्हा पाण्यात सोडायची. त्यांच्याकडून आम्ही दोन किलो ताजे शिंगाडे घेतले. काटे कसे चुकवायचे आणि साल कुठून फोडायची ते त्यांनी मुलीला दाखवलं.

मामाजींचं लक्ष मात्र पाण्याकडे नव्हतंच. ते पारीच्या आतल्या उताराशी काहीतरी शोधत होते. शेवटी लोखंडी गेटच्या बाजूला झुडपात त्यांना दगडांचं जुनं बांधकाम सापडलं. म्हणाले, "हे तुडुम." एकावर एक भोकं असलेली दगडी रचना, भोकांत लाकडी खुंट ठोकलेले असायचे. धानाला पाणी हवं असलं की पाणकर, म्हणजे गावाचं पाणी सोडणारा माणूस, पाण्यात उतरायचा आणि वरच्या भोकाचा खुंट काढायचा. तलाव उतरला की त्याच्या खालचा. लहानपणी मामाजी हे बघायला पहाटे यायचे. पाणकर किती वेळ पाण्याखाली राहतो ते मुलं आकडे म्हणत मोजायची. हे त्यांनी इतक्या वर्षांत आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तो दगड दिसल्याशिवाय ते बाहेर आलं नसतं.

पावणेचारला निघालो. सलंगाच्या, म्हणजे जादा पाणी निघून जातं त्या टोकाला थर्माकोलच्या पन्नासेक ताटल्या आणि फुटलेल्या बाटल्या पडल्या होत्या. काकाजींनी काही न बोलता वाकून काचा वेचायला सुरुवात केली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस. आम्ही सगळे मग वेचत राहिलो. एक पोतं भरलं.

या भागात फिरलेल्यांनी, राहिलेल्यांनी भर घालावी. मला विशेषतः या तलावांबद्दल जाणून घ्यायचं आहे.

मुळाकाठ, पुणे

फार सुंदर लिहिलंय. कमळपक्षी मोजणारा मुलगा डोळ्यांसमोर आला. तलावाचं नाव आणि जायचा नेमका रस्ता द्याल का? आम्ही जानेवारीत ताडोब्याला येतोय, आठ जण आहोत, एक दिवस मोकळा आहे. जवळ राहायची सोय आहे का?

धुरेकरी, भंडारा

रानजाई, तुम्ही पाहिलात तो मामा तलाव. नावाचा मामाशी संबंध नाही, माजी मालगुजारी याचं ते छोटं रूप. मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करणारा जमीनदार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. लोक यांना निसर्गाचं देणं समजतात, ते मला खटकतं. यातला जवळजवळ प्रत्येक तलाव माणसांनी बांधलेला आहे.

चांद्याच्या (चंद्रपूरच्या) आणि देवगडच्या गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन कसायला मिळे, अशी पद्धत सांगितली जाते. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे. उतार पाहून पार कुठे घालायची, सलंग कुठे ठेवायचा, वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात कसं न्यायचं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध पाहिलाय का कोणी? तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. सात टेकड्यांच्या मधल्या फटी बांधून एवढं मोठं पाणी अडवलंय. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे म्हणून लोक जातात, पण मूळ काम धानासाठीचं.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी जाणं योग्यच होतं, कूळ म्हणून राबलेल्या घरांना विचारा. पण तलावाचं काय झालं ते बघा. आधी दरवर्षी उन्हाळ्यात गाव मिळून पारीवर माती टाकायचं, तुडुम साफ करायचं, पाट काढायचं. तलाव सरकारचा झाल्यावर ते काम कोणाचं, हा प्रश्न उभा राहिला. पाण्याचे हक्क वाजिब-उल-अर्जात आणि निस्तार पत्रकात, म्हणजे गावच्या जुन्या हक्कनोंदींत लिहिलेले होते. त्यावरून पाणीपट्टी द्यायची की नाही याचे वाद वर्षानुवर्षं चालले. पाणी वापरणारा आणि तलाव सांभाळणारा वेगळे झाले, तिथून गाळ साचायला लागला.

तुम्ही पाहिलेली शांतता त्या दुरुस्तीवर उभी आहे. पार फुटली तर तिथे ना अडया, ना एचएमटी.

एक विनंती: मामाजींना तुडुमाची आकृती काढायला सांगा. भोकं किती होती, खुंट कोणत्या लाकडाचे, सगळं. ज्यांनी ते चालताना पाहिलं अशी माणसं फार उरली नाहीत.

रानजाई, नागपूर

धुरेकरी, मनापासून आभार. आकृतीचं नक्की करते. मुलगी चांगली चित्रं काढते, मामाजी सांगतील तसं ती काढेल.

मुळाकाठ, तलावाचं नाव मी देणार नाही, राग मानू नका. तिथे पार्किंग नाही, संडास नाही, कचरा उचलणारं कोणी नाही. आहेत ते काकाजी. जानेवारीत यायचं असेल तर नागभीडजवळचा घोडाझरी तलाव पाहा, ब्रिटिश काळात बांधलेला आहे आणि लोक वर्षानुवर्षं तिथे सहलीला जातात. सावली तालुक्यात आसोलामेंढा आहे. दिवस मोकळा असेल तर नवेगावबांधही होईल, पण ताडोब्याहून लांब पडेल.

वैनगंगा_पाऊलवाट, ब्रह्मपुरी

नाव न देण्याच्या भूमिकेशी मी सहमत नाही, आणि हे मी इथलाच माणूस म्हणून लिहितोय.

आमच्या भागातली पोरं दिवाळीनंतर बाहेर कामाला जातात. धान निघालं की हातात काम नसतं. ताडोब्याच्या दारात असलेल्या गावांना पर्यटनाचा पैसा दिसतो, आम्हाला दिसत नाही. चांगले लोक यायलाच नकोत, असं ठरवलं तर थर्माकोल टाकणारे तरी थांबतात का? ते येतातच, त्यांना नाव विचारावं लागत नाही. गावाने माणशी शुल्क घ्यावं, एका घरी जेवण द्यावं, दोन पोरांनी पक्षी दाखवावेत. रानजाईंची मुलगी शिंगाडा सोलायला शिकली, त्याचं मोल त्या भावाला शिंगाड्याच्या भावापेक्षा वेगळं मिळायला हवं होतं. जागा लपवून ठेवल्याने ती वाचत नाही.

सागवान, सिंदेवाही

वैनगंगा_पाऊलवाट, तुमचा मुद्दा पटतो, पण वाघाचं काय जी? तुम्ही ब्रह्मपुरीचे, तुम्हाला मी काय सांगू.

बाहेरच्या वाचकांसाठी लिहितो. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ मोठ्या संख्येने आहेत आणि ते ताडोब्याच्या कुंपणात राहत नाहीत, कारण ताडोब्याला कुंपण नाहीच. नागभीड, सिंदेवाही, तळोधी, सावली या पट्ट्यात जंगल, बांध्या आणि तलाव एकमेकांत मिसळलेले आहेत. उन्हाळ्यात मोहफुलं, तेंदूपत्ता आणि हिवाळ्यात धान कापणी, या वेळी माणसं वाकून काम करतात आणि वाघाशी गाठ पडते. माझ्या चुलतभावाच्या सासूबाई सरपण आणायला गेल्या होत्या. त्यापुढे मी लिहीत नाही.

काकाजींनी चारची वेळ का दिली ते यावरून कळेल. संध्याकाळी तलावावर वाघ पाण्याला येतो, ती त्याची वेळ. आम्ही त्याच्या वेळेत जात नाही. आमच्याकडे जागल (रात्रीची शेतराखण) करणारे सुद्धा आता एकटे जात नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या बोडीवर (लहान तलावावर) शहरातून एक मोठा गट आला. स्पीकर, चूल, दारू. सरपंचांनी पाचला सांगितलं, सहाला सांगितलं. रात्री साडेनऊला ते निघाले. तोवर गावातली आठ माणसं काठ्या आणि टॉर्च घेऊन पारीवर उभी होती, त्यांच्या राखणीला. त्यांच्यातल्या एकालाही ते कळलं नाही. त्यांच्यापैकी कोणाला काही झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी आमचंच जंगलात जाणं बंद झालं असतं.

म्हणून मी म्हणतो, ओळखीच्या माणसाबरोबर या, पाहुणे म्हणून या. गावात आधी घरी जा, चहा घ्या, मग तलाव. पाहुण्याला वेळ सांगता येते.

पळसपान, अमरावती

लाखोळीच्या वड्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. डाळ चार-पाच तास भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, जाडसर वाटायची. आलं नको, लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ आणि मूठभर सांबार. थापून मध्यम आचेवर तळायचे. हरभऱ्याच्या डाळीपेक्षा आतून मऊ राहतात.

भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, हे मुद्दाम लिहिलंय. या डाळीत एक विषारी घटक असतो. दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त हीच डाळ खाणाऱ्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणं आहेत, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषारी वाण आले. इतर धान्य-डाळींबरोबर, भिजवून पाणी टाकून, अधूनमधून खायला आमच्याकडे कोणी घाबरत नाही. पण रोज फक्त तीच, असं करू नये.

मुळाकाठ, पुणे

रानजाई, राग कसला. सागवान यांचा प्रतिसाद वाचल्यावर नाव मागितल्याचं वाईट वाटलं. आम्ही घोडाझरीला जाऊ आणि उजेडात परत फिरू. एक विचारतो: पक्ष्यांसाठी कोणता महिना चांगला? आणि सारस दिसतात का तिकडे?

डोंगा, अर्जुनी मोरगाव

सारस पाहायचा असेल तर गोंदिया जिल्ह्यात या. राज्यात सारस मुख्यतः आमच्याकडेच उरलेत. तो धानाच्या बांधीतच घरटं करतो. पावसाळ्यात शेतकऱ्याने तेवढा तुकडा सांभाळला तरच पिल्लं निघतात. घरट्याजवळ जाऊ नका, फोटोसाठी तर नकोच. थंडीत डिसेंबर ते फेब्रुवारी बाहेरून येणारी बदकं असतात. लालसरी, तलवार बदक, काही तलावांवर पट्टकादंब. ते हिमालय ओलांडून येतात.

मी ढीवर समाजाचा. वडील, आजोबा याच कामात. रानजाईंनी ढीवर भाऊ असं लिहिलं, बरं वाटलं. बहुतेक लिखाणात आम्ही "एक कोळी होडीत बसला होता" एवढेच असतो. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली होडी. कधी दोन जोडून बांधतो, म्हणजे हलत नाही.

आता तलावाबद्दल. धुरेकरींनी गाळाचं लिहिलं ते खरं आहे, पण गाळ काढायच्या नावाखाली काय होतं तेही लिहायला हवं. तलाव म्हणजे विहीर नाही. काठापासून मध्यापर्यंत तो हळूहळू खोल होत जातो. काठाच्या उथळ पाण्यात वेगवेगळ्या पाणवनस्पती असतात. काही तळाशी, काही पानं वर तरंगणाऱ्या, काही अर्ध्या बाहेर. देशी मासे तिथेच अंडी घालतात, पिल्लं तिथेच लपतात. कमळपक्षी, पाणकोंबडी तिथेच घरटं करतात. जेसीबी लावून सरसकट खोल खड्डा केला की पाणी वाढल्यासारखं दिसतं आणि काठ मरतो. उन्हाळ्यात गुरं खड्ड्यात अडकतात, ते वेगळंच. पूर्वी लोक गाळ बैलगाडीने शेतात न्यायचे, वरचा वर, थोडा थोडा. शेताला खत आणि तलावाला जागा, दोन्ही व्हायचं.

दुसरं, मासे. सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात आणि कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडतात. त्यावर आमची घरं चालतात, त्यामुळे मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण जिथे ग्रास कार्प सोडला तिथे त्याने वनस्पती खाऊन टाकल्या. मग बेशरमाची झुडपं आणि जलपर्णी काठ भरून टाकतात. माझ्या लहानपणी आई झिंगे (लहान कोळंबी), मरळ, शिंगी टोपलीत आणायची. आता झिंग्यांची चटणी सणाला होते.

आमच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गावच्या लोकांबरोबर हे काम हाती घेतलं. बेशरम उपटायचं, काठ नांगरायचा, देशी वनस्पती दुसऱ्या तलावातून आणून लावायच्या. यात सगळ्यात पुढे आमच्या बायका होत्या. कोणती वनस्पती कुठे वाढते, कोणता मासा कशात अंडी घालतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. पूर्वी तलावाच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावत नव्हतं. ज्या तलावांवर हे काम झालं, तिथे हरवलेले मासे परत दिसले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वैनगंगा_पाऊलवाट, गावाने शुल्क घ्यावं हे मला मान्य. पण त्या पैशातला पहिला वाटा काठाच्या कामाला जावा.

वैनगंगा_पाऊलवाट, ब्रह्मपुरी

डोंगा दादा, तुमचा वाटा मान्य. आणि सागवान भाऊ, वाघाचं मी विसरलो नव्हतो. मला एवढंच म्हणायचंय की वेळेचं बंधन, गावचा माणूस सोबत, स्पीकर बंद, हे सगळं गावालाच ठरवता यायला हवं. आज तलाव जिल्हा परिषदेचा, मासे संस्थेचे, जंगल वनविभागाचं आणि कचरा गावाचा. ग्रामसभेने ठराव करून दोन-तीन घरांपासून सुरू केलं तर होईल. आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडतोय. झालं तर इथे लिहीन, नाही झालं तरी लिहीन.

नाव द्यावं की नाही, यावर माझं मत अजून तेच आहे.

सागवान, सिंदेवाही

ग्रामसभेची तारीख कळवा, मी येतो. आमचा ठराव कसा फसला ते सांगेन, त्याचा उपयोग होईल.

रानजाई, नागपूर

सगळे प्रतिसाद मी मामाजींना रोज रात्री वाचून दाखवते. डोंगा यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, झिंगे टोपलीत आणायची ती माय आमच्याही घरी यायची, धान देऊन झिंगे घ्यायचे.

शिंगाड्यांबद्दल वैनगंगा_पाऊलवाट यांनी लिहिलं ते मनाला लागलं. आम्ही भाव न करता पैसे दिले, पण त्या भावांनी आमच्यासाठी अर्धा तास डोंगा काठाला लावून ठेवला होता, तो वेळ मी धरलाच नाही. पुढच्या वेळी धरीन.

आता तुडुम. मुलीने काढलेल्या आकृतीत भोकं पाच आहेत. मामाजी आधी चार म्हणाले, मग काकाजींना फोन लावला. दोघांचं वीस मिनिटं चाललं, शेवटी पाच ठरली, कारण सर्वांत खालचं भोक गाळात गेलं होतं आणि ते मामाजींनी कधी उघडलेलं पाहिलंच नव्हतं. काकाजींनी पाहिलं होतं, एका कोरड्या वर्षी. खुंट मोहाचे की येनाचे (ऐनाचे), यावर मात्र दोघांचं एकमत नाही. पाणकराला वर्षाचं धान मिळायचं, प्रत्येक घराकडून जमिनीप्रमाणे. रात्रीचं पाणी असलं की तो कंदील आणि फावडं घेऊन पाटाने शेवटच्या बांधीपर्यंत चालत जायचा आणि पाणी पोचल्याशिवाय परतायचा नाही. मधल्या शेतकऱ्याने धुरा फोडून पाणी वळवलं तर पाणकर तिथेच उभा राहून त्याच्या नावाने हाक मारायचा. अख्ख्या शिवाराला ऐकू जायचं.

धुरेकरी, आकृती तुम्हाला पाठवते. मापं अंदाजाची आहेत. जुलैत रोवणीच्या (धान लावणीच्या) वेळी आम्हाला पुन्हा बोलावलंय, तेव्हा काकाजी झुडूप तोडून दगड मोकळे करणार आहेत. मुलगी टेप घेऊन जाणार आहे.